इलेक्ट्रिक मोटार केव्हा घ्यावी, आणि विकत घ्यावी की लीजवर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजार रुपयांपर्यंत आणि टियागो ईव्हीची ७० हजार रुपयांपर्यंत उतरवली. बॅटरीचे सेल स्वस्त झाले आहेत आणि त्याचा फायदा ग्राहकांना देत आहोत, असे कंपनीने सांगितले. ज्यांच्या दारात ती गाडी जानेवारीतच येऊन उभी राहिली होती त्यांना हा फायदा कसा वाटला असेल हे वेगळे सांगायला नको. ज्यांनी तोवर गाडी घेतली नव्हती त्यांनी मात्र या बातमीचा अर्थ असा लावला, की थांबले तर पैसे वाचतात. आणि त्यांतले कित्येक जण अजूनही थांबलेले आहेत. पेट्रोलच्या मोटारीबाबत हा पेच सहसा पडत नाही, कारण तिची किंमत बहुतेक जानेवारी महिन्यांत थोडी वाढते आणि ‘घ्यायचीच असेल तर लवकर घ्या’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला बरोबर ठरतो. इलेक्ट्रिक मोटारीला तो सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि त्याच्या अगदी उलटा सल्लाही लागू पडत नाही.

किंमत अजून उतरेल का, एवढाच प्रश्न विचारला तर निर्णयाला त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण ती काही प्रमाणात उतरणार हे जवळजवळ धरूनच चालावे लागते. उपयोगाचे प्रश्न दोन आहेत. थांबण्याच्या काळात आपल्या खिशातून दरमहा किती जास्तीचे पैसे जात आहेत, हा पहिला. आणि उतरत्या किमतीचा धक्का आपण सोसायचा की दुसऱ्या कुणाला पैसे देऊन त्याच्यावर सोपवायचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर ‘केव्हा’ ठरते आणि दुसऱ्याच्या उत्तरावर ‘विकत की लीजवर’, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी दरमहा भाडे देऊन, हे ठरते.

आधी किंमत का उतरते ते पाहू. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत मोजतात, आणि एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक युनिट. ४५ युनिटांची बॅटरी म्हणजे पूर्ण भरायला ४५ युनिटांहून थोडी अधिक वीज लागणारी बॅटरी. ब्लूमबर्गएनईएफ ही संस्था दरवर्षी बॅटरी-पॅकच्या जागतिक सरासरी किमतीची पाहणी करते. २०२३ च्या पाहणीत ही किंमत युनिटामागे १३९ डॉलर होती आणि २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. डॉलरला ८५ रुपये धरले तर ४५ युनिटांच्या बॅटरीची किंमत सुमारे ५ लाख ३० हजारांवरून ४ लाख ४० हजारांवर आली, म्हणजे एका वर्षात ९० हजारांच्या आसपास फरक पडला. यामागे मुख्यतः लिथियमची घसरण होती. चीनमध्ये २०२२ च्या अखेरीस लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या जवळ पोचला होता आणि २०२४ पर्यंत तो एक लाखाच्या आसपास आला. त्याच काळात कोबाल्ट आणि निकेल न लागणारी, लोह-फॉस्फेटची स्वस्त बॅटरी मोटारींत सर्रास बसू लागली.

मात्र या आकड्यांतच पुढची गोष्टही दडलेली आहे. ५ लाख ३० हजारांतून वीस टक्के गेले की लाखाहून अधिक वाचतात. ४ लाख ४० हजारांतून वीस टक्के गेले की ८८ हजार, आणि त्यानंतरच्या वीस टक्क्यांत ७० हजार. टक्केवारी तीच राहिली तरी थांबण्याचे रुपयांतले बक्षीस दरवर्षी लहान होत जाते, आणि रुपया डॉलरपुढे घसरला तर ते आणखी कमी होते. शिवाय सेल स्वस्त झाल्याचा फायदा नेहमी कमी किमतीच्या रूपाने मिळत नाही. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ३८ युनिटांच्या बॅटरीसह आली आणि मे २०२५ मध्ये तिची ५२.९ युनिटांची आवृत्ती आली. म्हणजे थांबणाऱ्याला मोठी बॅटरी मिळाली, पण ती ज्याला हवी होती त्याच्याच दृष्टीने तो फायदा. ज्याचे काम रोज तीस किलोमीटरमध्ये भागते त्याला त्या वाढीव पल्ल्याचे करायचे काय?

किमतीच्या तुलनेत आणखी एक बदल झाला, ज्याकडे शोरूममध्ये सहसा कुणी लक्ष वेधत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेपासून, चार मीटरपर्यंतच्या लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिक गाडीवरचा जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच आहे आणि तो तसाच राहिला. इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीत एक रुपयाही न वाढता ती लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांच्या मानाने एका रात्रीत महाग झाली. २०२५ च्या उन्हाळ्यापूर्वी कुणी वहीत मांडून ठेवलेला हिशेब म्हणूनच आता पुन्हा मांडावा लागतो.

आता खिशाकडे वळू, आणि उदाहरण बडोद्याचे घेऊ. हा हिशेब मांडताना पहिली चूक होते ती इलेक्ट्रिकची तुलना फक्त पेट्रोलशी करण्याची. येथे सीएनजीचे पंप भरपूर आहेत, घरात पाइपने गॅस येतो, आणि मध्यमवर्गीय घरातली दुसरी गाडी बहुधा सीएनजीचीच असते. गृहीत धरायचे आकडे असे: पेट्रोल लिटरला ९५ रुपये आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर चालते, म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वासहा रुपये; सीएनजी किलोला ८२ रुपये आणि गाडी किलोमागे २२ किलोमीटर चालते, म्हणजे पावणेचार रुपये; इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधली गळती धरून मीटरवरच्या एका युनिटात सहा किलोमीटर चालते आणि इंधन अधिभार व वीजशुल्कासह युनिट आठ रुपयांना पडते, म्हणजे किलोमीटरला एक रुपया तेहतीस पैसे. दर बदलले की वाचकाने आपले आकडे घालावेत. या आकड्यांनी पेट्रोलच्या तुलनेत किलोमीटरला पाच रुपये वाचतात, पण सीएनजीच्या तुलनेत जेमतेम दोन रुपये चाळीस पैसे.

समजा दांडिया बाजारातले एक कुटुंब आहे, ज्यांची गाडी बाजारहाट, लग्नकार्ये आणि रविवारी सयाजीबागेपर्यंत जाणे यासाठी महिन्याला चारशे किलोमीटर फिरते. आणि समजा कारेलीबागेत राहणारे एक गृहस्थ आहेत, जे रोज सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या हालोलला कारखान्यात जाऊन परत येतात. घरची कामे धरून त्यांचे महिन्याला दोन हजार किलोमीटर होतात. पहिल्या कुटुंबाचे पेट्रोलच्या तुलनेत वर्षाला २४ हजार वाचतील आणि सीएनजीच्या तुलनेत साडेअकरा हजार. हालोलच्या गृहस्थांचे पेट्रोलच्या तुलनेत १ लाख २० हजार आणि सीएनजीच्या तुलनेत सुमारे ५८ हजार वाचतील. एकाच शहरात, एकाच गाडीबाबत, दोन घरांची उत्तरे वेगळी का येतात ते येथेच दिसते, आणि शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही घ्यावी किंवा शेजारी पस्तावला म्हणून आपण थांबावे, या दोन्ही विचारांत काही अर्थ का नाही तेही.

थांबण्याचा विचार करणाऱ्यांचे येथे दोन वर्ग पाडावे लागतात, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेत हाच भेद सर्वांत कमी पाळला जातो. ज्यांची जुनी गाडी अजून नीट चालते आहे त्यांच्यासाठी थांबणे म्हणजे काही न खरेदी करणे. त्यांचे बारा लाख रुपये बँकेत साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ७८ हजार व्याज मिळवतात, त्यावर कर जातो तो वेगळा. नवी गाडी पहिल्या वर्षी ज्या वेगाने उतरते तो तोटाही वर्षभर लांबतो. दांडिया बाजारातल्या कुटुंबाने २४ हजार वाचवण्यासाठी हे दोन्ही सोडण्याचे काही कारण नाही. त्यांनी खुशाल थांबावे, आणि मन फारच ओढ घेत असेल तर दोन-तीन वर्षे वापरलेली इलेक्ट्रिक गाडी पाहावी, कारण किमतीचा पहिला मोठा उतार तिच्या आधीच्या मालकाने सोसलेला असतो. हालोलच्या गृहस्थांची जुनी गाडी पेट्रोलची असेल तर त्यांचे पारडे जवळजवळ समतोल राहते, आणि सीएनजीची असेल तर त्यांनीही थांबणेच शहाणपणाचे.

ज्यांची जुनी गाडी संपली आहे त्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्यांना काही ना काही घ्यावेच लागणार, आणि ‘इलेक्ट्रिक स्वस्त होईपर्यंत तात्पुरती’ म्हणून घेतलेली नवी पेट्रोल गाडी तात्पुरती कधीच राहत नाही. ती आठ-दहा वर्षे दारात उभी राहते. येथे तुलना दोन नव्या गाड्यांची करायची. इलेक्ट्रिक गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग असेल तर हालोलच्या गृहस्थांचे ते तीन लाख अडीच वर्षांत भरून निघतात, सीएनजीशी तेवढाच फरक धरला तर पाच वर्षे लागतात, आणि दांडिया बाजारातल्या कुटुंबाला पेट्रोलच्या तुलनेतसुद्धा साडेबारा वर्षे लागतात. बॅटरीची हमी सामान्यतः आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर असते. वसुली त्या हमीच्या आत होत असेल तर गाडी घ्यावी आणि पुढच्या वर्षीच्या किमतीची चिंता करू नये. त्यापलीकडे जात असेल तर इलेक्ट्रिक गाडी घेण्याची कारणे पैशाखेरीज दुसरी असली पाहिजेत. शांत गाडी, धूर नाही, गिअर नाही, ही कारणे खोटी नाहीत, पण मग ती गुंतवणूक आहे असे स्वतःला सांगू नये.

सरकारी सवलतींच्या तारखा हा ‘केव्हा’चा दुसरा भाग. गुजरातचे इलेक्ट्रिक वाहन धोरण १ जुलै २०२१ पासून चार वर्षांसाठी होते आणि त्यात बॅटरीच्या युनिटामागे दहा हजार रुपये, मोटारीला जास्तीत जास्त दीड लाखापर्यंत, असे अनुदान होते. पुढे राज्याने इलेक्ट्रिक वाहनांवरचा सहा टक्के मोटारवाहन कर ३१ मार्च २०२६ पर्यंत एक टक्क्यावर आणला. केंद्राच्या योजनांतून खासगी मोटारीला अनुदान मिळत नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची आयकरातली दीड लाखापर्यंतची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. जुन्या माहितीवर विसंबणारे काही विक्रेते तिचा उल्लेख अजून करताना आढळतात. अशा सवलतींत नीट समजून घ्यायची गोष्ट ही, की हक्क बहुधा बुकिंगच्या तारखेने नव्हे, तर गाडीच्या नोंदणीच्या तारखेने ठरतो. जर्मनीत १७ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने इलेक्ट्रिक गाडीच्या अनुदानाचे अर्ज घेणे एका दिवसाच्या सूचनेने बंद केले, तेव्हा ज्यांनी ऑर्डर दिली होती पण गाडी हातात आली नव्हती ते मधल्यामध्ये अडकले. म्हणून एखादी सवलत मार्चअखेर संपणार असेल तर गाडी कंपनीच्या आवारातून केव्हा निघेल आणि आरटीओत नोंदणी कोणत्या दिवशी होईल हे लेखी घ्यावे, आणि ऑर्डरच्या दिवशी कराचा दर काय चालू आहे याची आरटीओकडून स्वतः खात्री करावी. वर्षअखेरची सूट हा प्रकार त्या मानाने साधा आहे. डिसेंबरात शोरूमला जुन्या वर्षाचा साठा संपवायचा असतो. गाडी सात-आठ वर्षे ठेवणार असाल तर तो साठा सूट घेऊन जरूर घ्यावा, तीन वर्षांत विकणार असाल तर नोंदणीपत्रावरचे जुने उत्पादनवर्ष त्या सवलतीतला मोठा वाटा परत घेते.

दुकानदार, डॉक्टर, वकील किंवा लहान कारखानदार गाडी धंद्याच्या नावावर घेत असेल तर त्याच्यासाठी तारखेचा विचार अधिक नेमका आहे. आयकरात साध्या मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा, म्हणजे वापराने उतरणाऱ्या किमतीपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो, इलेक्ट्रिक वाहनावर ४० टक्के. पण आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्माच मिळतो, आणि ३१ मार्चपासून मागे मोजले तर ही सीमा ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि धनतेरस १८ ऑक्टोबरला. त्यामुळे आपट्याची पाने वाटून गाडी घरी आणणाऱ्या मराठी व्यापाऱ्याला पूर्ण ४० टक्के मिळाले, तर धनतेरसची वाट पाहणाऱ्या त्याच्या गुजराती शेजाऱ्याला २० टक्के. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला येतो, तेव्हा ही गंमत दोघांनाही लाभणार नाही. उरलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळतो. पण ज्या वर्षी नफा मोठा आहे त्याच वर्षी तो हवा असतो. धंद्यासाठी घेतलेल्या प्रवासी मोटारीवर, मग ती इलेक्ट्रिक का असेना, भरलेला जीएसटी सहसा परत मिळत नाही, हे त्याबरोबरच लक्षात असावे.

आता लीज. आपल्याकडे लीज म्हटले की दरमहा भाडे द्यायचे आणि शेवटी हाती काही नाही, म्हणून ते वाईट, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. लीजचे भाडे कसे ठरते ते एकदा उलगडून पाहिले की निर्णय सोपा होतो. समजा गाडीची ऑन-रोड किंमत १४ लाख आहे आणि चार वर्षांनी ती ५ लाखांना विकली जाईल असे लीज कंपनी धरते. मधले ९ लाख अठ्ठेचाळीस महिन्यांत वाटले की महिन्याला १८,७५० रुपये होतात. कंपनीचे पैसे या काळात सरासरी साडेनऊ लाख अडकलेले असतात. त्यावर अकरा टक्क्यांनी महिन्याला साधारण ८,७०० रुपये व्याज. विमा आणि देखभाल मिळून ४,००० धरले तर बेरीज साडेएकतीस हजारांच्या जवळ जाते, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या भाड्यावरही जीएसटी ५ टक्केच असल्याने ते भाडे ३३ हजारांच्या आसपास येते.

या सगळ्यात एकच आकडा अंदाजाचा आहे, आणि तो म्हणजे चार वर्षांनंतरचे ५ लाख. व्याज, विमा आणि देखभाल हे खर्च कर्जाने गाडी घेतली तरी चुकत नाहीत. चार वर्षांनी गाडी प्रत्यक्षात ७ लाखांना विकली गेली असती तर लीज घेणाऱ्याने महिन्याला चार हजारांहून थोडे अधिक जास्त भरले असे होईल. ती ३ लाखांनाच जाणारी निघाली तर तेवढेच त्याचे वाचले. लीज म्हणजे उतरत्या पुनर्विक्री-किमतीचा काढलेला विमा आहे, आणि विम्याचा हप्ता कंपनीने सावधपणे ठरवलेल्या त्या पाच लाखांत लपलेला असतो. म्हणून लीजचे पत्रक हाती आले की भाड्याकडे पाहण्याआधी ही अखेरची किंमत विचारावी. ती सांगायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर गाडीची किंमत आणि भाड्यांची बेरीज यांवरून ती आपणच काढता येते. जी गाडी नुकतीच आली आहे, जिची बॅटरी किंवा कंपनी नवखी आहे, तिच्यासाठी हा विमा घेण्यात अर्थ आहे. जिची आठ-दहा वर्षे वापरायची तयारी आहे त्या गाडीला पुनर्विक्रीचा प्रश्नच नाही, तेव्हा तिचा विमा कशाला?

पगारदारांसाठी या हिशेबात एक मोठी दुरुस्ती करावी लागते. मोठ्या कंपन्यांत लीजचे भाडे करापूर्वीच्या पगारातून वळते केले जाते, आणि गाडीच्या वापराबद्दल कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात नियमांनी ठरवलेली, तुलनेने लहान रक्कम धरली जाते. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला ३३ हजारांच्या भाड्यावर महिन्याला दहा हजारांच्या आसपास करबचत होऊ शकते, आणि मग कर्ज आणि लीज यांच्यात तुलनाच उरत नाही. अट एकच, पण जड आहे: नोकरी सुटली की लीज कर्मचाऱ्याच्या गळ्यात येते. नवी कंपनी ती स्वीकारेलच असे नाही, आणि मुदतीपूर्वी करार मोडला तर उरलेल्या भाड्याचा मोठा भाग एकरकमी मागितला जातो. वर्ष-दीड वर्षात नोकरी बदलण्याचा किंवा बदली घेऊन पुण्याला जाण्याचा विचार असेल तर करारातले मुदतपूर्व समाप्तीचे कलम आधी वाचावे, गाडीचा रंग नंतर निवडावा. स्वतःचा धंदा असणाऱ्याने हेही पाहावे, की लीजमध्ये भाडे खर्चात धरता येते, पण ४० टक्क्यांचा घसारा गाडीच्या मालकाकडे, म्हणजे लीज कंपनीकडे जातो.

गाडी आपली आणि बॅटरी भाड्याची, हा तिसरा प्रकार बडोदेकरांना घरचाच वाटावा असा आहे, कारण तो गाजवणारी विंडसर हालोलच्या कारखान्यात तयार होते. २०१७ पर्यंत तो कारखाना जनरल मोटर्सचा होता. विंडसर आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत बॅटरीसह १३ लाख ५० हजार आणि बॅटरी भाड्याने घेतल्यास ९ लाख ९९ हजार होती. भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे एक लाख किलोमीटर फिरल्यावर बॅटरीची किंमत भाड्यातूनच वसूल होते. हालोलचे गृहस्थ हा टप्पा चार वर्षांच्या थोडे पुढे गाठतील. शिवाय साडेतीन रुपये भाडे आणि सव्वा-दीड रुपया वीज मिळून किलोमीटरचा खर्च पावणेपाच रुपयांच्या वर जातो, म्हणजे सीएनजीपेक्षाही जास्त. सुरुवातीचे पैसे कमी आणि फिरणे मध्यम, अशांसाठी हा प्रकार सोयीचा आहे. पण फार कमी फिरणाऱ्याने दरमहा किमान किती किलोमीटरचे भाडे द्यावेच लागेल ही अट तपासावी, नाहीतर गाडी अंगणात उभी असतानाही मीटर फिरत राहतो.

विकत असो की लीजवर, ऑर्डरची तारीख ज्या गोष्टीने खऱ्या अर्थाने ठरावी ती म्हणजे घरचे चार्जिंग. वर मांडलेला सगळा हिशेब घरच्या आठ रुपयांच्या विजेवर उभा आहे. सार्वजनिक जलद चार्जरवर युनिटाला १८ टक्के जीएसटीसह वीस रुपयांच्या आसपास किंवा जास्त द्यावे लागले तर किलोमीटरचा खर्च साडेतीन रुपयांच्या जवळ जातो आणि सीएनजीशी फरक जवळजवळ संपतो. मांजलपूर-गोत्रीकडच्या टेनामेंटमध्ये, जेथे गाडी स्वतःच्या ओट्यासमोर उभी राहते, तेथे १६ अँपिअरचा पक्क्या अर्थिंगचा सॉकेट रात्रभरात वीस-पंचवीस युनिटे सहज भरतो. सात किलोवॅटचा चार्जर हवा असेल तर वीज कंपनीकडून, म्हणजे एमजीव्हीसीएलकडून, मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. फ्लॅटमध्ये सोसायटीची परवानगी, तळघरापर्यंतची वायर आणि कुणाच्या मीटरवर वीज मोजायची हे प्रश्न येतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत बदल करून इलेक्ट्रिक वाहनाच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला आणि महानगरांखेरीजच्या पालिका क्षेत्रांत नव्या जोडणीची मुदत सात दिवसांवर आणली. सोसायटीच्या बैठकीला जाताना या नियमाची प्रत बरोबर न्यावी, चर्चा बरीच आखूड होते. जुन्या शहरातल्या एखाद्या ‘पोळ’मध्ये, म्हणजे घरांच्या दाट बोळात, किंवा वाडी भागातल्या अरुंद गल्लीत, जेथे गाडी रात्री कुठे उभी राहील हेच नक्की नसते, तेथे मात्र चार्जिंगची जागा निश्चित होईपर्यंत बुकिंगच करू नये. ज्यांच्या छतावर सौरपॅनेल आहेत त्यांची वीज आठ रुपयांहून स्वस्त पडते आणि सीएनजीबरोबरचा त्यांचा हिशेब बदलतो. पॅनेल बसवायचे असतील तर त्यांचा क्रम गाडीच्या आधी लावावा.

लांबच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. अहमदाबाद किंवा केवडिया यांसाठी कोणतीही आजची गाडी पुरते. बडोद्याहून पुण्याला सुमारे साडेपाचशे किलोमीटर पडतात, आणि जाहिरातीतला पल्ला कितीही असला तरी महामार्गावर शंभरच्या वेगाने, मेच्या उन्हात एसी लावून, त्याचा एक तृतीयांश कमी धरून बेत आखावा. वर्षातून दोनदा पुण्याला जाण्यासाठी दोन लाख जास्त देऊन मोठी बॅटरी घेण्यापेक्षा त्या दोन वेळा वडोदरा स्टेशनवरून गाडी पकडणे स्वस्त आहे.

आणि पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली, मगरी रस्त्यावर आल्या आणि तळघरांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी बहुधा आयपी६७ दर्जाची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापर्यंत टिकेल अशी चाचणी झालेली. दोन दिवस पाण्याखाली राहण्यासाठी ती बनवलेली नाही. विम्यात बॅटरीचे स्वतंत्र संरक्षण घेतले आहे का, आणि लीजची गाडी बुडून निकामी झाली तर विमा कंपनीने दिलेली रक्कम आणि करारातले येणे यांतला फरक कोण भरणार, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. त्याच बैठकीत दुसरा प्रश्नही विचारावा. काही गाड्यांना बॅटरीची आजीवन हमी असते, पण ती पहिल्या मालकापुरती. लीजच्या काळात नोंदणीपत्रावर मालक लीज कंपनी असेल आणि मुदत संपल्यावर गाडी आपण विकत घेणार असू, तर आपण दुसरे मालक ठरतो का, आणि हमी आठ वर्षांवर येते का? ऑर्डरच्या फॉर्मवर बहुधा ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, तेव्हा बुकिंगची रक्कम कोणत्या अटींवर परत मिळते ते त्याच कागदावर लिहून घ्यावे, आणि गाडी ताब्यात घेताना चेसिस क्रमांकावरून तिच्या उत्पादनाचा महिना पाहावा. मे-जूनच्या उन्हात मोकळ्या आवारात महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी नवी म्हणून दिली जात असेल तर दुसरी मागण्याचा किंवा सूट मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि तो नोंदणी होण्यापूर्वीच वापरावा लागतो.